थोरलीचा ‘हं’

थोरलीच्या तोंडात साखर आणि धाकटीच्या नाकावर राग, असं त्या घरात पहिल्यापासून चालत आलं होतं. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या आणि सकाळी एकाच बसने एकाच ऑफिसात जायच्या. ऑफिस म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन वगैरे विकणाऱ्या कंपनीचा तक्रार विभाग. लांबलचक खोली, पाठीला पाठ लावून मांडलेली टेबलं, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आणि ओठांसमोर काडीएवढा माइक. वस्तू बिघडली की माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला ओरडायला कुणीतरी लागतं. त्याच कामाचा या दोघींना पगार मिळायचा.

थोरली तिथे जुनी. ऑफिसातही सगळे तिला ताईच म्हणत. तिनेच शब्द टाकून धाकटीला तिथे चिकटवलं होतं, आणि त्याबद्दल कितीदा तरी कपाळाला हात लावला होता. कारण धाकटीचं सगळं एक घाव दोन तुकडे. “प्लग लावलाय का? नाही ना? मग आधी लावा, मग भांडा,” असं ती गिऱ्हाइकाला सरळ सुनवायची. टीमलीडर तिला बोलावून समज द्यायचा. ती समज त्याच्याच टेबलावर ठेवून ही परत यायची.

थोरलीचं म्हणजे ‘हं’. आता ‘हं’ काय, सगळेच म्हणतात. पण समोरचा ओरडता ओरडता श्वास घ्यायला थांबला की नेमका त्या फटीत थोरलीचा ‘हं’ जाऊन बसायचा. मग हळूच, “हं, बोला, ऐकतेय मी.” असे दोन-तीन ‘हं’ झाले की भलाभला गार व्हायचा. एका बाईने तर फ्रिजची तक्रार करता करता सुनेची तक्रार सांगितली होती, आणि फ्रिजचं राहूनच गेलं होतं.

म्हणून कंपनीने फोन उचलायला एआय आणायचं ठरवलं, तेव्हा आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच आला नाही. थोरलीला काचेच्या खोलीत बसवलं आणि तिच्याकडून हजार तऱ्हांची वाक्यं बोलून घेतली. ‘हं’ तर इतक्या वेळा म्हणवून घेतला, की रात्री नवऱ्याने पाणी मागितलं तरी ती नुसतं “हं, बोला” म्हणायची. तिला अभिमान केवढा वाटला! भावाला फोन, बहिणीला फोन. शेवटी कंपनीने तिला कौतुकाने एक कुंडी दिली, ती तिने टेबलावर दिसेल अशी ठेवली.

“ताई, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय,” धाकटी म्हणाली.

“अगं, आवाजच घेतायत ना? जीव तर नाही घेत?”

हौसेला मोल नसतं म्हणतात. थोरलीच्या हौसेचं मोल हळूहळू कळायला लागलं. ती नवी एआय फोन उचलायला लागली, आणि खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. कुणी नोटीस घेऊन गेलं, कुणी पेढीवर हिशेब लिहायला गेलं, कुणी दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवायला लागलं. धाकटी नव्या आवाजाला ‘ती बया’ म्हणायची. बया जेवत नव्हती, दमत नव्हती, रजा मागत नव्हती. आणि बोलायची हुबेहूब थोरलीसारखी.

मग टीमलीडरने उरलेल्यांना एकत्र बोलावलं. काही गिऱ्हाइकं हट्टाने माणूस मागतात, त्यांच्यासाठी मोजकी माणसं ठेवायची होती. कोण राहणार ते गिऱ्हाईकच ठरवणार. कॉल संपला की त्याला विचारलं जायचं, तुम्ही माणसाशी बोललात असं वाटलं का? हो असेल तर एक दाबा, नाही तर दोन.

थोरलीने सुटकेचा श्वास सोडला. माणूस असण्यात तिला कोण हरवणार होतं? आणि तिला हरून चालणारही नव्हतं. छापखाना बंद पडल्यापासून नवरा घरीच होता. तो बिचारा सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचत बसायचा. घर तिच्या पगारावर उभं होतं.

पहिला कॉल आला. “हं, बोला, ऐकतेय मी.”

“अरे देवा! परत तीच! माणूस द्या हो कुणीतरी!”

“मी माणूसच आहे.”

“हो, हो. असं बोलायलाच शिकवलंय तुला.” आणि त्याने दोन दाबलं.

दुसऱ्यानेही दोन. तिसरी बाई तर म्हणाली, काय बाई, दर वेळी तोच ‘हं’, जरा तरी बदला. थोरलीने ‘हं’ गिळायचा प्रयत्न केला, पण इतक्या वर्षांचा ‘हं’ असा गिळला जातो होय? तो ऐन वेळी तोंडातून निसटायचाच. तिकडे धाकटीसाठी मात्र सगळे ‘एक’च दाबत होते. तिला कोण मशीन म्हणणार? इतकं खडूस मशीन विकत कोण घेईल?

“ताई, शुक्रवारपर्यंत बघतो,” टीमलीडर मान खाली घालून म्हणाला. “माझ्या हातात काही नाही.” त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. त्याची स्वतःची खुर्ची डुगडुगत होती.

त्या संध्याकाळी धाकटीने कांदा चिरता चिरता शिकवणी घेतली. “ओरडा माझ्यावर.”

“कशाबद्दल गं?”

“कशाबद्दलही! गेल्या वर्षी तुमची कढई मी करपवली, त्याबद्दल ओरडा.”

“ती तूच होतीस होय? बरं, असू दे.”

“अहो ताई! निदान एक शिवी तरी द्या.”

थोरलीने पुष्कळ विचार केला. “मेले!” ती म्हणाली.

“ही शिवी झाली? हिने तर माणूस झोपेल,” असं म्हणून धाकटीने कपाळ बडवलं, आणि कांद्याचा हात डोळ्याला लागून तीच रडायला लागली. थोरलीने धावत पाणी आणून दिलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्यांनी दोनच दाबलं. मग एका गृहस्थाचा फोन आला. फ्रिज बंद, आतलं सगळं खराब, आणि त्याचं एकच पालुपद, माणूस द्या, माणूस द्या. थोरली ऐकत राहिली, आणि एकाएकी तिच्या आतलं काय ते सुटलं.

“अहो, थांबा हो! मला मेला श्वास तर घेऊ द्या! सकाळपासून घशाखाली घोटभर पाणी गेलं नाहीये माझ्या. नवरा घरी बसलाय, आज माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुम्ही मलाच सांगता माणूस द्या? मी माणूसच आहे हो! कसं सांगू तुम्हाला?”

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या.

“हं,” तो गृहस्थ म्हणाला. “बोला. ऐकतोय मी.”

त्याने एक दाबलं. टीमलीडरने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, नेहमीसारखं वर कंपनीकडे पाठवलं आणि थोरलीचं नाव राहणाऱ्यांत लिहिलं. घरी दोघींनी जेवणानंतर आइस्क्रीम खाल्लं. नवऱ्याने विचारलं, असं काय बोललीस गं? तर ती म्हणाली, काही नाही, जरा ओरडले.

पुढे तिला ते जमायलाच लागलं. गिऱ्हाईक फार ताणायला लागलं की ती श्वासाचं सांगायची, पाण्याचं सांगायची, कधी नवऱ्याचंही सांगायची. दर वेळी खरंच असायचं असं नाही, पण माणूस पलीकडे नरमायचा आणि एक दाबायचा. थोरलीला अधूनमधून स्वतःची लाज वाटायची. मग पगार जमा व्हायचा.

दिवस गेले तसे कॉल मात्र कमी झाले. धाकटीलाही आता मध्येच नखं कुरतडायला वेळ मिळायचा. लोक माणूस मागेनासे झाले होते. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

एका रविवारी घरातलं वॉशिंग मशीन पाणी भरून जे थांबलं ते थांबलं. मशीन त्यांच्याच कंपनीचं. कर्मचाऱ्यांनीसुद्धा तक्रार नेहमीच्या नंबरावरच करायची असा नियम होता. थोरलीचे हात बादलीत, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला. नवरा बाजूलाच पेपर वाचत होता.

“हं, बोला, ऐकतेय मी.”

थोरलीला हसू आलं. तिने बिघाड सांगितला. बयेने भलतंच विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, बयेने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या खेपेला थोरलीचा आवाज चढला. “अगं बाई, पाणी भरलंय, जात नाहीये! माणूस दे कुणीतरी!”

पलीकडून एक सुस्कारा आला. “अहो, थांबा हो! मला मेला श्वास तर घेऊ द्या! सकाळपासून घशाखाली घोटभर पाणी गेलं नाहीये माझ्या. नवरा घरी बसलाय...”

नवऱ्याने पेपर खाली केला. त्याने आधी फोनकडे बघितलं, मग बायकोकडे. थोरलीचे हात पाण्यातच राहिले. फोन बंद करायला हवा होता, पण तिला ते सुचलंच नाही.

“...मी माणूसच आहे हो! कसं सांगू तुम्हाला?” आवाज शेवटी जरासा फाटला, तिचा त्या दिवशी फाटला होता तसाच.

स्वयंपाकघरातून धाकटी हात पुसत दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. नवरा उठला, पेपराची नीट घडी घातली, आणि बादली उचलून मशीनमधलं पाणी उपसायला लागला. शर्टाची इस्त्री भिजली तरी थांबला नाही.

फोनवरून प्रश्न आला, तुम्ही माणसाशी बोललात असं वाटलं का? हो असेल तर एक दाबा.

“ताई, दोन दाबा,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “दाबा ना.”

थोरलीने ओले हात पदराला पुसले आणि फोन हातात घेतला.

“माझाच आवाज आहे म्हणून कळलं गं,” ती म्हणाली. “नाहीतर मी एकच दाबलं असतं.”