चुना फासलेला पूल

मित्रांनो, मी एक जुना दगडी पूल आहे. युसूफ वडगावच्या वाटेवर, एका ओढ्यावर, तीन कमानी टेकून उभा आहे. निजामाच्या काळात माझ्यावरून बैलगाड्या जात. पुढे एसटी आली, ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रॅक्टर आले. कौतुक सगळ्यांनी केलं. डागडुजी मात्र कुणी केली नाही.

एकदा जीपमधून माणसं आली. त्यांनी मला मापलं, फोटो काढले, कठड्याला चुना फासला. पुलाला निधी आला म्हणून गाव हरखलं. मला मात्र शंका आली. आजाऱ्याला औषध न देता कुणी पावडर लावतं का?

पलीकडे राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होत होता. त्याच्या मुरमाच्या अवजड गाड्या आता माझ्यावरून धावू लागल्या. मी धडधाकट दिसावा, त्यासाठीच तो चुना होता. थोड्याच दिवसांत मधल्या कमानीचा दगड निखळला.

तो पडताना गावातल्या दगडाबाईनं पाहिला. तिच्या सुनेचे, शिवकन्येचे, दिवस भरत आले होते आणि दवाखाना माझ्या पलीकडे. दगडाबाईनं सरपंच शिवशंकररावांना आणून दगड दाखवला. जनावरांच्या धक्क्यानं पडला असेल, असं ते म्हणाले. गाड्यांतल्या काही त्यांच्या भावाच्याच होत्या, हे गावाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं माझ्यावर आडवी बाज टाकली आणि तिच्यावर बसली. गाड्यांची रांग लागली. कामावरचे साहेब उतरले. निधी वरून महामार्गासाठी आलाय, हा पूल त्यात बसत नाही, असं त्यांनी समजावलं.

"पूल बसत न्हाई," दगडाबाई म्हणाली, "मंग तुमच्या गाड्या त्याच्यावर कावून बसवता?"

एकेक करून गावच्या बायका येऊन बाजेशेजारी बसल्या. दुपारी गाड्या लांबच्या वाटेनं वळल्या.

पण आठवड्यात माझ्या तोंडाशी लोखंडी अडसर आला, त्यावर लिहिलं होतं: 'पूल धोकादायक, वाहनांस बंदी.' एसटीही थांबली. बाईनं बस घालवली, अशी कुजबुज कुणीतरी पेरली.

शिवकन्येला कळा लागल्या तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला आलेली जीप पलीकडेच उभी राहिली. सासूच्या खांद्यावर भार टाकून ती माझ्यावरून चालत गेली. मी जीव मुठीत धरून उभा होतो. ती सुखरूप पोहोचली, मुलगी झाली.

आता 'नवीन पूल मंजूर' अशी पाटी माझ्याशेजारी उभी आहे. ती दोनदा रंगवून झाली. खडीची एक पाटीही अजून पडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा म्हातारा पूल असेल, तर चुन्याकडे पाहून निर्धास्त होऊ नका. ओढ्यात उतरा आणि त्याच्या कमानीखाली वाकून बघा.