दरीपलीकडे

"चुकली," केसलर म्हणाला आणि त्यानं बंदुकीवरून गाल उचलला.

त्याचा वाटाड्या ऑरिन स्टॉडर्ड शेजारीच पालथा पडला होता. त्याचा डोळा अजून दुर्बिणीला चिकटलेला होता. दरीच्या पलीकडच्या उतारावर, नऊशे यार्डांवर, तो एल्क, सांबरासारख्या मोठ्या हरणाचा नर, निवांत चरत होता. गोळी सुटली आणि ती हवेत असतानाच त्यानं गवताच्या पुढच्या झुपक्यासाठी एक पाऊल टाकलं. एवढंच. मग त्याची पाठ कमानीसारखी वर आली, आणि पोटात कळ आलेल्या माणसासारखा सावकाश चालत तो पाईनच्या रानात शिरला.

"लागली," ऑरिन म्हणाला. "पोटात."

"अहो, लागली असती तर पडला असता की! धावलासुद्धा नाही तो."

"म्हणूनच म्हणतो. बिचकलेलं जनावर धावतं."

मघाशी ऑरिननं सुचवलं होतं, खालच्या ओहोळातून सरपटत गेलो तर दोनशेवर पोचू. केसलर हसला होता. "मग ही बंदूक कशाला घेतली मी?" माणूस वाईट नव्हता. उन्हाळाभर पोलादी पत्र्यावर नेम धरून आला होता, आणि वाऱ्याचा हिशेबही त्याचा बरोबर होता. ऑरिननं होकाराची मान हलवली होती. ती आपण का हलवली, हे त्याला आता कळेना.

संध्याकाळी तंबूत शेगडीवर घेवड्याचं पातेलं रटरटत होतं. डेल, या कॅम्पचा मालक, पावाचे तुकडे वाढत होता. त्याच्या डोक्यामागे तंबूच्या खांबाला त्याच्या बापानं ठोकलेली फळी होती: रक्त सांडलं की शिकार संपली. जनावर सापडो न सापडो, गिऱ्हाइकानं परवान्याची चिठ्ठी कापून तो वापरला असं धरायचं आणि घरी जायचं. डेलच्या बापानं त्यावरून भलेभले परत पाठवले होते.

"काका, हे म्हणतायत चुकली. मग चुकली," डेल म्हणाला. लहानपणी ऑरिननंच त्याला घोड्यावर बसवलं होतं, म्हणून अजून काका.

"पलीकडे जाऊन न बघताच?"

"जायला-यायला सगळा दिवस जातो. उद्या ह्यांना उत्तरेच्या कड्यावर न्यायचंय."

"दोनशेवरून मारलं असतं तर घटकेत जाऊन बघितलं असतं. एवढ्या लांबून मारायचं आणि तिथवर चालायचं मात्र नाही, ही तऱ्हा नवीनच काढलीत."

"आता प्रवचन नको. प्रवचनकार बापाचा मुलगा शोभता अगदी!"

केसलर ताटलीत बघत म्हणाला, "पत्र्यावर दहातल्या नऊ बसतात हो माझ्या."

"पत्रा चरत नाही," ऑरिन म्हणाला.

डेलनं चमचा खाली ठेवला. "हे बघा काका, उद्या मला वाटाड्या हवाय. तुम्ही दरीत गेलात तर मांस वाहायला खेचर मिळणार नाही. आणि मी दुसरा माणूस बघीन. ह्या मोसमापुरता नाही, कायमचा."

ऑरिनला नोकरीचं फार नव्हतं. पण बायको, मार्व्हा, गेल्यापासून समोर कुणीतरी बसून जेवतंय असे वर्षातले हेच काही आठवडे. बाकी घरात एक खुर्ची, एक ताटली, आणि बंद पियानोवर तिचा चष्मा.

त्या रात्री अंथरुणात त्याला बापाचा आवाज आठवत राहिला. बाप खाणीत राबायचा आणि रविवारी लाकडी देवळात प्रवचनाला उभा राहायचा. सुरुवात साध्या बोलण्यानं व्हायची. मग बोलता बोलता तो सूर धरायचा, वाक्य लांबत जायचं, खाली बसलेले लोक हुंकारांनी तो सूर ओढून धरायचे, आणि एका हरवलेल्या मेंढरामागे निघालेला बायबलातला मेंढपाळ साऱ्या देवळाच्या डोळ्यांसमोर डोंगर चढू लागायचा. उरलेली सगळी मेंढरं सोडून! लहानग्या ऑरिनला दर वेळी धाकधूक वाटायची, या खेपेला नाही सापडलं तर? आणि सापडलं की बाप थांबायचा. मेंढपाळ त्या मेंढराला काय म्हणाला, ते त्यानं कधीच गायलं नाही.

फटफटताच ऑरिन आपली जुनी बंदूक घेऊन निघाला. तंबूच्या दाराशी केसलर उभा होता, हातात कॉफीचा पेला. "खरंच लागली असेल का हो?" त्यानं हळूच विचारलं. ऑरिननं त्याच्याकडे पाहिलं. "या माझ्याबरोबर, मग कळेल." केसलरनं मागे डेलच्या तंबूकडे नजर टाकली, आणि पेला तोंडाला लावला.

दरी उतरून चढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. चरण्याच्या जागी गुडघे टेकून बघितलं, तेव्हा गवताच्या पात्यावर काळपट रक्त होतं, त्यात चावलेल्या गवताची हिरवट घाण. थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. पडलेल्या ओंडक्यांवरून रांगत, म्हाताऱ्या गुडघ्यांना दटावत तो रानात आत आत गेला.

नर एका झऱ्याकडेला बसला होता. जिवंत. काल दुपारपासून. पाण्याकडे मान करून बसलेला, पण उठून पाण्यापर्यंत जायची ताकद नव्हती. ऑरिन इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. नरानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कालपासून त्याला मारणाऱ्या माणसांपैकी हा पहिलाच त्याला दिसत होता.

ऑरिननं टोपी काढली.

"आलो रे बाबा," तो म्हणाला. "उशीर झाला."

मग त्यानं नेम धरला.

आवाज रानात विरल्यावर त्यानं खिशातून परवाना काढला, स्वतःच्या नावाचा. कॅम्प उठल्यावर एक एल्क मारायचा आणि हिवाळाभर खायचा, हा त्याचा दर वर्षीचा शिरस्ता. सुरीच्या टोकानं त्यानं चिठ्ठीवरची आजची तारीख कापली आणि चिठ्ठी शिंगाला बांधली. मग बाह्या सारल्या. पोटाकडचं बरंच मांस नासलं होतं. पाठीची पट्टी आणि चारी पायांचे फरे तेवढे हाती लागले.

पहिला फरा पाठीला बांधून तो रानाबाहेर आला, आणि पलीकडचा तो खडक शोधू लागला जिथं काल ते दोघं पालथे पडले होते. डोळे बारीक केले, हात कपाळावर धरला. सापडला नाही. इथून ते नुसते डोंगर होते. तिथं माणसं असतील, असं कुणालाही वाटलं नसतं.

उत्तरेच्या कड्याकडून बंदुकीचा बार आला, इतका लांबचा की फांदी मोडल्यासारखा. ऑरिननं पाऊल रोखून कान दिला. गोळी लागली की मागून एक दबका धप्प येतो. एवढ्या लांबून तो ऐकू यायचा नाही, हे त्याला माहीत होतं. तरी तो उभा राहिला.

मग त्यानं पट्टे आवळले, ओठातल्या ओठात बापाचा सूर धरला, आणि उतरायला लागला. अजून तीन खेपा बाकी होत्या.