करंगळीखालचा तीळ

लेकीला दूध पाजून झालं की धाकटी रोज सकाळी आरशाकडे पाठ करून उभी राहायची आणि खांद्यामागच्या तिळाचा मोबाइलवर फोटो काढायची. प्रत्येक फोटोत तीळ वेगळाच. एकात काळाकुट्ट, एकात कडेनं फाटल्यासारखा. त्वचेच्या कर्करोगाबद्दल जे जे वाचलं होतं, ते कुठल्या ना कुठल्या फोटोला लागू पडायचंच. शेवटी ताईनंच तिला ओढत दवाखान्यात आणलं.

"पूर्वी केवढा होता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकटीनं ताईकडे पाहिलं. पाठीवरची गोष्ट आईला ठाऊक, आणि आई आता नव्हती.

"आईच्या करंगळीखाली झाकला जायचा," भाचीला कडेवर सावरत ताई म्हणाली.

लहानपणी आंघोळ झाली की आई टॉवेलनं पाठ टिपायची, तिळावर करंगळी टेकवायची. "आहे का जागेवर?" धाकटीनं ठसक्यात म्हणायचं, "जातोय कुठे!" त्याशिवाय फ्रॉक मिळायचा नाही. मग पावडरीचा ढग, आणि ताईचं शिंकणं.

ताईचे हात हुबेहूब आईचे. तिनं करंगळी ठेवून पाहिली. पुरली नाही. बाजूनं तीळ डोकावत राहिला.

"आता मला बघू द्या." डॉक्टरबाईंनी गार जेल लावलं, दिव्याचं भिंग तिळावर टेकवलं. शेजारच्या पडद्यावर तीळ ताटाएवढा उमटला. आत तपकिरी रेघांची जाळी, क्रोशानं विणल्यासारखी.

"जाळी सगळीकडे सारखी आहे, कडेला हळूहळू विरत गेलीय. घाबरण्यासारखं काही नाही. कापायला नको."

"पण वाढलाय ना?"

"आणि तुम्ही? तेव्हा फ्रॉकात होतात. पाठ वाढली, तोही वाढला. हा फोटो ठेवते. सहा महिन्यांनी याच दिव्यात, याच भिंगातून पुन्हा काढू आणि शेजारी लावून बघू. मोबाइलवरचे पुसून टाका."

"म्हणजे आईचं काम आता यंत्राकडे," ताई म्हणाली. "टॉवेल तेवढा त्याला धरता येत नाही."

हसता हसता धाकटीचे डोळे भरले. ताईनं लेक तिच्या मांडीवर दिली आणि जेल पुसायला घेतलं. आईसारखंच, घासून नाही, टिपून. मग करंगळी टेकली.

"आहे का जागेवर?"

"जातोय कुठे," धाकटी म्हणाली, आणि शर्टासाठी हात मागे केला.