घारीचा स्वेटर

संध्याकाळी लेकीचं दप्तर आवरताना रंगारणीच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. तिने ओढून बाहेर काढलं, तर स्वेटर. फिकट पिवळा, खिशावर लोकरीने बदक भरलेला. सासूबाईंनी नातीसाठी विणला होता, आणि नातीला तोकडा झाल्यावर रंगारणीने स्वतःच तो बाकीच्या जुन्या कपड्यांबरोबर गाठोड्यात बांधून बालगृहात पोचवला होता. दिलेली वस्तू परत घरी कशी आली?

"ठके, हा कुठून आणलास?"

"माझाच आहे," ठकी म्हणाली.

"तुझा होता. कुठून आला ते सांग."

ठकीने आधी टाळाटाळ केली, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. "आमच्या वर्गात घारी आहे ना, बालगृहातली, तिने घातला होता. मी नुसतं म्हटलं, हा माझा स्वेटर आहे, माझ्या आजीने विणलाय. तर सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागली. मग तिने तो काढला आणि माझ्या बाकावर ठेवून दिला. मी मागितला नव्हता गं, आई!"

"आणि मग?"

"मग ती तशीच बसली."

"एवढ्या गारठ्यात?"

ठकी टेबलाचा पोपडा नखाने उकरत राहिली.

सासूबाई पलीकडे मटार सोलत होत्या. "धर्माची गाय, दात का गं नाय!" त्या म्हणाल्या. "फुकट मिळालं तर एवढा ताठा? आणि काय गं सूनबाई, मी डोळे फोडून विणलेला स्वेटर देताना मला एका शब्दाने विचारलं नाहीस ते!"

रंगारणीला दोन्ही बाजूंनी टोचलं. नवऱ्याने घरामागच्या रंगाच्या कारखान्यातून डोकावून विचारलं, "काय झालं?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "नवा घेऊन दे आणि विषय संपव."

तिलाही तेच पटलं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून लाल स्वेटर घेतला, ठकीला बरोबर घेतलं आणि बालगृह गाठलं.

बालगृह म्हणजे एक जुनी दुमजली इमारत. खाली लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली पत्र्याची ट्रंक. सगळा कारभार ताई बघायच्या. त्यांनी रंगारणीला कोपऱ्यातल्या एका मोठ्या पेटीजवळ नेलं.

"सगळं यातूनच जातं," त्यांनी झाकण उचललं. आत फ्रॉक होते, पँटी होत्या, चेन तुटलेलं जाकीट होतं आणि टाचेचा एकच बूट होता. "मी बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांशी बोलले आहे. त्यांच्याकडच्या अशा घरांतही हीच पेटी. आईबाप नसलेली मुलं जगात सगळीकडे, आणि जुने कपडेही सगळीकडे. मी नावं ठेवत नाही हां. याच कपड्यांवर आमच्या पोरांचे हिवाळे निघतात. पण काही लोक घर झाडतात आणि पुण्यही पदरात पाडून घेतात. एका पायाच्या बुटाचं मी काय करू, सांगा!"

रंगारीण ओशाळली. तिनेही ते गाठोडं कपाट रिकामं करायच्या दिवशीच बांधलं होतं.

"घारी कालपासून पेटीतलं काही घालत नाही," ताई म्हणाल्या. "म्हणते, उद्या आणखी कोणी उठून म्हणेल, हा माझा फ्रॉक. आईवडील एका तापाच्या साथीत गेले तिचे. कधी हट्ट म्हणून करत नाही. हा पहिलाच."

घारी खाटेवर बसून मोजे घडी करत होती. राखाडी डोळ्यांची किडकिडीत पोर. रंगारणीने लाल स्वेटर पुढे केला.

"नको, मावशी."

"अगं, हा कुणी घातलेला नाही. नवा कोरा आहे."

"मग सगळे विचारतील, कुणी दिला. आणि ठकी सांगेल."

"मी नाही सांगणार!" ठकी म्हणाली.

"काल सांगितलंस ना."

ठकी आईच्या मागे सरकली. घारीचा आवाज रागाचा नव्हता. आज पाणी येणार नाही, असं सांगावं तसं ती सांगत होती. रंगारीण खाटेच्या कडेवर टेकली. देणाऱ्याचा हात वर असतो हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. खालच्या हाताला काय वाटतं, हे तिने कधी मनावर घेतलं नव्हतं.

मग घारीनेच विचारलं, "मावशी, तुम्ही कपडे रंगवता ना? आमचे पडदे तुमच्याकडूनच रंगवून आले होते."

"हो."

"मग पिवळ्या स्वेटरचा रंग बदलता येईल?"

"येईल की. फिकट आहे, कुठलाही गडद रंग बसेल."

"पण मग तो आजीचा राहणारच नाही!" ठकी ओरडली.

"तेच तर हवंय," घारी म्हणाली.

ताई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "एकटीचाच बदलला तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

म्हणून रविवारी सकाळी पोरांची अख्खी पलटण रंगारणीच्या मागल्या अंगणात दाखल झाली. प्रत्येकाच्या हातात पेटीतून आपण निवडलेला एक कपडा. नवरा आधी कुरकुरला. एवढा रंग, एवढं सरपण! पण पोरं हंड्यांभोवती जमल्यावर त्याचीच कळी खुलली. "मागे सरका, नाहीतर एखाद्याला हिरवा करून पाठवीन!"

"काका, माझा पिवळा करा."

"निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवा होईल, बाबा."

"मग हिरवा करा. पण माझा हिरवा याच्या हिरव्यासारखा नको."

आतापर्यंत पेटीतून जे हाताला येईल ते अंगात घातलेली ही पोरं, आणि आता रंगाच्या छटेवरून भांडत होती. ताई भिंतीला टेकून बघत उभ्या होत्या. एकदाही त्यांनी कुणाला गप्प केलं नाही.

सासूबाई सकाळपासून खोलीबाहेर आल्या नव्हत्या. अखेर घारी स्वतःच स्वेटर घेऊन त्यांच्या दारात गेली. रंगारीण लगबगीने तिच्या मागोमाग गेली. म्हातारीची जीभ म्हणजे कातरच!

"आजी, हे बदक तुम्ही काढाल? माझ्याने उसवलं तर भोक पडेल."

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "हे बदक करायला मला किती त्रास पडला होता, माहीत आहे?"

"चांगलंच आहे. पण सगळ्यांना ओळखू येतं."

म्हातारीने चष्मा चढवला, सुई मागितली आणि बदक हलक्या हाताने उसवायला घेतलं. चोच गेली, पंख गेले. "त्या जागी काय काढून देऊ? फूल?"

"काही नको."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "विणणारी मी असले, तरी घालणारी तू."

लोकर उकळत्या पाण्यात टाकली की आखडते, म्हणून रंगारणीने स्वेटर वेगळ्या पातेल्यात, मंद आचेवर ठेवला. घारीने जांभळा रंग निवडला होता. ती तिथून हलली नाही. पिवळा आधी मळका दिसायला लागला, मग तपकिरी. "बिघडला का?" तिने हळूच विचारलं. "थांब जरा," रंगारीण म्हणाली. हळूहळू जांभळा चढला, जांभळासारखा गडद. बाहेर काढून पिळल्यावर घारीने तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "वास येतोय."

"धुतल्यावर जाईल."

सगळेच कपडे काही साधले नाहीत. एक शर्ट डागाळला, एका फ्रॉकवरची पिवळी शिवण रंगलीच नाही. त्या फ्रॉकची मालकीण मात्र खूश होती. म्हणाली, असा फ्रॉक कुणाकडेच नाही. पोरांना परत सोडायला गेल्यावर लाल स्वेटर रंगारणीने पेटीत ठेवून दिला. तो ज्याला हवा, तो उचलेल.

दोन-तीन दिवसांनी ठकी शाळेतून आली ती धुसफुसतच.

"बाईंनी घारीला विचारलं, नवीन स्वेटर का? ती म्हणाली, हो. नुसतं हो!"

"मग तू काय म्हणालीस?"

"अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं."

रंगारणीने तिला जवळ ओढलं. ठकी म्हणाली, "मी तिला डब्यातलं दिलं तर ती माझ्या शेजारी बसेल?"

"डबा द्यायचा तर भूक बघून दे," आई म्हणाली. "शेजारी कुणाच्या बसायचं, ते तिला ठरवू दे."