रेघेच्या वर तेल

काळुरामला जावई पसंत होता, जावयाची मोटार मात्र मुळीच पसंत नव्हती. आणि त्याचं काही चुकत नव्हतं. शीळफाट्याच्या कच्च्या रस्त्यावर ती मोटार जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा कुणाच्या ना कुणाच्या बैलांनी तिला ओढत परत आणलं होतं. रस्त्यावर घोटाभर फुफाटा. पुढं एखादी बैलगाडी असली की तिची धूळ थेट कार्बोरेटरात शिरायची. मोटार दोनदा खोकायची आणि तिसऱ्यांदा गप्प व्हायची.

"माझी तुळसा मोटारीत बसंल," साखरपुड्याला काळुरामनं सगळ्यांदेखत सांगितलं, "पन मोटार आपल्या पायानं आली पायजे. वाटंत एकदा जरी बंद पडली, तर लेक जाईल बैलगाडीनं आन् मोटार राहील माझ्या शेतात. कोंबड्यांना खुराडं होईल."

माणसं खो खो हसली, जावई राघोला मात्र ते जिव्हारी लागलं. मिठागरात राबणाऱ्या बापाचा हा पोरगा लढाईच्या दिवसांत कल्याणच्या मिलिटरी कँपात गाड्या धुता धुता गाड्या दुरुस्त करायला शिकला होता. डोंबिवलीच्या खाडीकाठी स्वतःची मोटार असलेला आगरी तो एकटाच. त्यातून तुळसानं मैत्रिणीकरवी निरोप धाडला होता, की मला मोटारीनंच जायचं हाय, बैलगाडीत मी जन्मभर बसलेय.

उपाय राघोला ठाऊक होता. मिलिटरीच्या जीपगाड्या याच धुळीतून पळायच्या, त्या का बंद पडत नव्हत्या? त्यांना एअर क्लीनर असायचा. पत्र्याचा डबा, तळाशी तेलाची वाटी, वर तारांची जाळी. हवा तेलावरून वळसा घालून जाते, धूळ तेलात बसते आणि इंजिनाला स्वच्छ वारा मिळतो. कँपातलं भंगार विकणाऱ्याकडे त्यानं असा एक डबा सांगून ठेवला. डबा आला, पण कधी? लग्नाच्या आदल्या दिवशी, राघोच्या अंगाला हळद लागल्यावर.

हळदीचा नवरदेव ओटीखाली पाऊल टाकत नाही आणि काळ्या तेलात तर हात घालतच नाही. त्याची आई कमळाबाई ओटीच्या पायरीवर आडवी उभी राहिली. मग राघो पिवळाधमक होऊन ओटीवर बसला. नवरदेवानं हातात लोखंड धरायचं म्हणून कुणी सुरी पुढं केली, ती बाजूला सारून त्यानं पाना धरला आणि अंगणातल्या मोटारीकडे तो पाना रोखून हुकूम सोडायला लागला.

हुकूम ऐकणार कोण? धाकूमामा. धाकूमामानं जन्मात मीठ ओढायच्या फावड्याखेरीज दुसरं हत्यार धरलेलं नव्हतं.

"मामा, पट्टी आधी! डबा पट्टीवर कसायचा!"

"कसला."

"उलटा कसलास!"

डबा सुलटा झाला, पण त्याचं तोंड कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा बोटभर मोठं निघालं. राघोनं ओटीवरूनच सायकलची जुनी ट्यूब मागवली. मामानं ती फटीत गुंडाळली, वर पत्र्याचा पट्टा आवळला. आवळताना त्याची जीभ बाहेर आली होती. "सांधीतून मुंगी जाता नये, मामा! धूळ तिथूनच शिरंल!" राघो ओरडत होता, आणि मांडवात हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण गाणं सोडून हसत होती.

"आई, आता खालच्या वाटीत तेल घाल. आत रेघ हाय, तिच्यापर्यंत. वर नको."

कमळाबाईनं वाटी पाहिली. रेघ अर्ध्यावर होती. लग्नाच्या घरात आलेल्या नव्या वस्तूपुढं अर्धी वाटी ठेवायची? तिच्या हातून आजवर पाहुण्याला अर्धी वाटी वाढली गेली नव्हती. पोराला यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत तिनं वाटी काठोकाठ भरली, डब्याला कुंकू लावलं आणि हात जोडले.

सकाळी मामानं हँडल मारलं, मुंडावळ्या बांधलेला राघो स्टिअरिंगवर बसला आणि वऱ्हाड निघालं. गावाबाहेर पडेपर्यंत मोटार झकास चालली. पुढं बैलगाड्यांची रांग, धुळीचे लोट, आणि मोटार एकदाही खोकली नाही. राघोला आभाळ ठेंगणं झालं. गाड्यांची रांग मागे टाकून त्यानं वेग वाढवला मात्र, मागून असा पांढरा-निळा धूर सुटला की मागच्या गाडीतला वाजंत्रीवाला सनई सोडून बोंबलायला लागला.

"आई! तेल किती घातलंस?"

"पोटभर," मागच्या सीटवरून कमळाबाई म्हणाली.

राघोनं कपाळावर हात मारला, मुंडावळ्या विस्कटल्या. जास्तीचं तेल वाऱ्याबरोबर इंजिनात ओढलं जात होतं. चालती आहे तोवर मोटार ते जाळत राहील, पण थांबली की प्लग तेलात भिजणार, आणि मग बैल आणि खुराडं. तेव्हा थांबायचं नाही! देवाचं नाव घेऊन त्यानं मोटार तशीच दामटली.

सासुरवाडी आली. मांडवात काळुराम पागोटं बांधून उभा, हातात आरती घेतलेल्या सुवासिनी उभ्या, आणि धुराचा डोंगर घेऊन मोटार आली ती त्यांच्यासमोरून सुसाट पुढं निघून गेली. मांडवाला वळसा घालून परत आली. परत गेली.

"अरं थांब!" काळुराम मागे धावला. "आग लागली रं!"

"आग नाय, तेल हाय! संपल्याबिगर थांबत नाय!"

दुसऱ्या फेरीला पोरं मागे लागली, तिसऱ्या फेरीला मांडवातले वाजंत्री. म्हाताऱ्यांना वाटलं मोटारीच्या लग्नाची हीच रीत असेल, त्यांनी अक्षता टाकायला सुरुवात केली. चौथ्या फेरीला काळुरामचा दम संपला, तसा तो जीव मुठीत धरून मोटारीच्या पायरीवर चढला आणि दाराला लोंबकळला. त्याचं पागोटं उडालं. जन्मात पहिल्यांदाच तो मोटारीवर चढला होता.

पाचव्या फेरीला धूर पातळ झाला, सहाव्याला गेला. इंजिन एका लयीत गुणगुणायला लागलं. राघोचे डोळे आनंदानं भरून आले.

"मामंजी, थांबवू?"

"थांबवतोस कशाला?" काळुराम ओरडला. "मार अजून एक फेरी!"

"बाबा!" दारातून तुळसा कडाडली. "उतरा खाली! लगीन माझं हाय!"

लग्न लागलं. पाठवणीची वेळ झाली. मामानं हँडलला हात घातला तेव्हा सगळ्या गावाचा श्वास रोखला गेला, राघोचा सर्वांत जास्त. एकाच फिरकीत मोटार सुरू झाली. तुळसा मोटारीत बसली, बायका रडू लागल्या. पाठराखीण म्हणून तिची आत्या बोचकं घेऊन पुढं आली, तर तिच्या जागेवर काळुराम आधीच बसलेला.

"अरं, पाठराखीण बाई लागते!" आत्या म्हणाली.

"आसू दे." काळुरामनं लेकीचा हात घट्ट धरला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मोटार वाटंत बंद पडंल की काय, ते बघाया मी जातो."