गाठोड्यातली चित्रं

मृणालीने पेन ड्राइव्ह प्राचार्यांच्या कॉम्प्युटरला लावला आणि घड्याळ पाहिलं. साडेअकरा. बाराला लोडशेडिंग.

एम.कॉम.च्या मुलांना वेबसाइट बनवायला शिकवायचं, हा खटाटोप तिचाच. काल्हेरच्या गोदामात हजेऱ्या लिहिण्यापलीकडे त्यांना काही मिळावं, म्हणून सुट्टीभर खपून तिने बावीस पायऱ्यांची टिपणं काढली होती. प्राचार्य केसरीनाथ सरांना ही नसती उठाठेव वाटे. आज मुलांनी बनवलेली पानं नीट दिसली नाहीत तर सोमवारपासून वर्ग बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

पहिलं पान उघडलं. मजकूर आला, पण चित्राच्या जागी लाल फुली. दुसऱ्यालाही फुली, तिसऱ्यालाही. मग मृणालीला उमगलं. चित्रं लॅबच्या कॉम्प्युटरवरच राहिली होती. इथे नुसती पानं आली होती. बावीस पायऱ्यांत चित्रं सोबत घ्यायची पायरीच नव्हती.

अशी दहा पानं झाली. अकरावं सुवर्णाचं. तिचं अख्खं फोल्डरच आलं होतं. मंगळवारी ती चित्रं एकेक करून त्यात भरत बसली, तेव्हा वेळ घालवते म्हणून मृणालीने तिला झापलं होतं. पान उघडलं. अकलोलीचं गरम पाण्याचं कुंड, वाफेसकट, समोर आलं.

सर पुढे वाकले.

"म्हणजे तुम्ही नीट शिकवलंत. बाकीच्यांचंच लक्ष नव्हतं."

दारात उभ्या दहाजणांनी माना खाली घातल्या. सुवर्णा मृणालीकडे पाहत राहिली. नुसतं गप्प बसलं तरी वर्ग वाचत होता. मृणाली सरांकडे वळली.

"नाही सर. मी हे शिकवलंच नव्हतं. ती करत होती, तर मीच तिला अडवलं."

सरांनी सुवर्णाला विचारलं, मग तुला कसं सुचलं?

"वीटभट्टीवर जाताना आमी सगलं एकाच गाठोड्यात बांधतो सर. मागं राह्यलं तर आनायला कोन जानार?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"वीज जायला वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात बाकीची दहा दाखवा."

लॅबमध्ये मृणालीने खडू सुवर्णाच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.