दोघांच्या सह्या

पगार जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा वहिनी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होती. तिथे तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तिच्याहून मोठ्या बायकाही वहिनीच म्हणायच्या. जेवणाची सुट्टी होताच ती धावत कोपऱ्यावरच्या एटीएमवर गेली. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. आज निदान एका महिन्याचं तरी मालकीणबाईंच्या हातावर ठेवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मशीनने पैसे दिले नाहीत. तिने रक्कम कमी केली, मग आणखी कमी केली. शेवटी शिल्लक बघितली. पगार आला होता, आणि आल्या पावली जवळजवळ सगळा गेलाही होता.

"झालं का हो?" मागे उभ्या माणसाने विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

तशीच ती बँकेत गेली. तक्रारीच्या खिडकीत सर्दीने बेजार झालेली एक तरुण मॅडम बसली होती. तिने खातं उघडून बघितलं.

"ताई, तुमच्या मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता परत गेलाय, तीन वेळा. दर वेळी दंड. दंडामुळे शिल्लक खाली गेली, त्याचा वेगळा दंड. खात्यात काही नव्हतं म्हणून सगळं साठलं, आणि पगार येताच कापलं गेलं."

"म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे घेतले?"

मॅडमने नाक पुसलं. "हो. तसंच."

"आता मी खायचं काय, मॅडम? दंड?"

मॅडम जरा पुढे वाकली. "अर्ज करा. नोकरी गेली, आजारपण आलं, अशा अडचणीत दंड परत मिळू शकतो. हप्ताही पुढे ढकलता येतो. काय झालं ते स्पष्ट लिहायचं आणि पुरावा जोडायचा. पण खातं दोघांचं आहे, दोघांच्या सह्या हव्यात. आणि उद्याच आणा. परवापासून मंजुरी देणारे साहेब रजेवर आहेत."

वहिनीला क्षणभर हायसं वाटलं. पण पुरावा म्हणजे नवऱ्याला कामावरून काढल्याचं पत्र.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. कंपनीने त्याला काढून बरेच महिने झाले होते, पण ही गोष्ट नवरा-बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. रोज सकाळी तो कंपनीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचा. जिन्यात मालकीणबाई भेटल्या की म्हणायचा, "चाललो कामावर." कुठे जाता, हे वहिनीने एकदा विचारलं होतं. तो दोन दिवस बोलला नाही. मग तिने विचारणं सोडून दिलं.

संध्याकाळी तिने अर्ज त्याच्यापुढे ठेवला.

"यात काय लिहायचं? मी रिकामटेकडा आहे असं?"

"नोकरी गेली असं."

"तेच ते. मी नाही सही करणार. गेले तर गेले पैसे."

"कुणाचे गेले?" वहिनीचा आवाज चढला. इस्त्रीने पोळलेली बोटं तिने त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "हे बघा. कुणाचे गेले?"

"बँकेपुढे भीक मागायला मी जाणार नाही."

"अहो, भीक कसली? आपलेच पैसे आहेत ते!"

तेवढ्यात खालून मालकीणबाईंची हाक आली. "वहिनी, आलात का हो?"

दोघंही जागच्या जागी थिजले. वहिनीने हातातलं भांडं आवाज होऊ नये म्हणून पोटाशी धरलं. हाक पुन्हा आली. मग खालचं दार लागल्याचा आवाज झाला.

"उद्या देतो म्हणून सांग," तो कुजबुजला.

"उद्या कुठून देणार?"

घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून त्याने दिवा विझवला.

सकाळी तो गेल्यावर वहिनीने त्याच्या कपड्यांखालचं पत्र काढलं. धुलाईखान्यात जुन्या पावत्यांच्या पाठीवर तिने त्याची सही गिरवून बघितली, आणि हात बसल्यासारखा वाटताच अर्जावर ठोकून दिली.

बँकेत मॅडमने अर्ज वाचला, समोरच्या पडद्यावरची सही बघितली, पुन्हा अर्ज बघितला.

"ही त्यांची सही नाही, ताई."

"त्यांचीच आहे. हल्ली हात थरथरतो त्यांचा."

 

"हे मी पुढे पाठवलं तर पैसे राहिले बाजूला, तुम्हीच गोत्यात याल." मॅडमने अर्ज हळूच परत सरकवला आणि वर एक कोरा अर्ज ठेवला. "पाच वाजेपर्यंत मी आहे. त्यांना घेऊन या."

वहिनी बाहेर येऊन पायरीवर बसली. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. मग उठून ती चालू लागली. ज्या ज्या इमारतींच्या लिफ्टची कामं तो पूर्वी करायचा, त्यातल्या तिला ठाऊक असलेल्या प्रत्येक ठिकाणी विचारत गेली. दोन-तीन ठिकाणी पहारेकऱ्यांनी मान हलवली. एका ठिकाणी एकजण म्हणाला, "मिस्त्री ना? खाली आहेत, गाड्यांपाशी."

तळघरात मिस्त्री एका लांबलचक गाडीचं चाक घासत होता. कंपनीचं नाव दिसू नये म्हणून त्याने शर्ट उलटा करून घातला होता. शिवणी बाहेर आल्या होत्या. 

"मी तुमची खोटी सही केली," ती एवढंच म्हणाली. "पकडली गेले."

त्याच्या हातातून फडकं गळून पडलं. "पकडली म्हणजे?"

"मॅडम भली निघाली. सोडलं तिने."

"डोकं फिरलंय तुझं? तुरुंगात गेली असतीस!"

"तिथे भाडं तरी मागत नाहीत."

तो हसला नाही. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला.

"माझ्याखाली शिकलेली पोरं लिफ्ट बघायला इथे येतात," तो म्हणाला. "ती आली की मी गाडीमागे लपतो."

वहिनी त्याच्यापाशी खाली बसली. "मीही काल भांडं पोटाशी धरून लपले होते. किती लपायचं हो?"

त्याने हात धुतले. शर्ट सुलटा केला. "चल," म्हणाला.

खिडकीपाशी रांग होती. मॅडमने नवा अर्ज भरून घेतला आणि विचारलं, "सध्या काय काम करता?"

मिस्त्रीने मान वळवून बघितलं. मागे माणसं उभी होती. वहिनी त्याच्याऐवजी उत्तर देणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गाड्या धुतो." आवाज जरा मोठाच निघाला. मागून कुणी हसलं नाही. कुणी बघितलंही नाही.

साहेबांनी अर्ज वाचून मंजुरी दिली, पण सगळ्या दंडाला नाही. जुने दंड परत होणार नाहीत, शेवटच्या महिन्यातले तेवढे मिळतील. हप्ता दोन महिने थांबेल, त्याचं व्याज मात्र चालू राहील.

"निम्मेसुद्धा नाहीत हे," वहिनी म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर..." मॅडम म्हणाली आणि शिंकली.

पैसे यायला आठवडा गेला. तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. वहिनी हॉटेलातला उरलेला पाव पदराखाली लपवून घरी आणायची. मालकीणबाईंची चाहूल लागली की दोघंही दाराकडे बघायचे. पण मिस्त्रीने पुन्हा दिवा विझवला नाही.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी तो स्वतः जिना उतरला. मागोमाग वहिनी. त्याने नोटा मालकीणबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी त्या मोजल्या.

"हे एका महिन्याचंसुद्धा पुरं नाही."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "नोकरी गेलीय माझी. कधीचीच. तुम्हाला रोज खोटं सांगत होतो."

मालकीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "बाकीच्यासाठी या महिनाअखेरपर्यंत थांबते. पुढचं मला विचारू नका," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

दोघं बंद दारासमोर उभे राहिले. वहिनीचा पुढचा पगार महिना संपल्यावरच येणार होता. मिस्त्रीने कठड्याला हात टेकला आणि तिथेच पायरीवर बसला. वहिनीही बसली, त्याला खेटून. वर जायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.